सदतीस सेकंदांचा चेहरा

३ मार्च, शुक्रवार

लागला एकदाचा पिक्चरचा दुसरा भाग. सकाळचा पहिला खेळ, शेवटची रांग. मला कोण ओळखणार म्हणा – मेकअपवालीचं नाव पडद्यावर येतं तोवर निम्मे लोक बाहेर पडलेले असतात.

पहिल्या भागात त्या बाईचा चेहरा दाखवलाच नव्हता. पाठ, केस, सावली, बस्स. या भागात ती वळते. मध्यंतराच्या जरा आधी, सदतीस सेकंद. तेवढ्यासाठी मी पाच महिने सिलिकॉन ओतत आणि साचे फोडत बसले होते.

ती वळली. आधी कुणी ओरडलंच नाही. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला, त्याचाच आवाज झाला. मग ओरडले. माझ्यापुढचा आडदांड गडी बायकोच्या खांद्यामागे लपला. एकजण तोंडावर हात दाबून पळाला, पण दारापर्यंत काही पोचला नाही. झाडूवाली मावशी मध्यंतरात बादली घेऊन आली. पुटपुटत होती, "पिक्चर बघायचा तर पोट रिकामं ठेवून यावं."

मी पडद्याकडे बघितलंच नाही. लोकांकडे बघत होते.

४ मार्च

दिग्दर्शकाचा फोन. "मॅडम, लोक ओकतायत!" घरात पाळणा हलल्याची बातमी द्यावी तसा आवाज.

५ मार्च, रविवार

दिवसभर फोनवर लोकांचं वाचलं. "पहिला बरा होता, न दाखवता घाबरवलं होतं." "दोन दिवस घास गेला नाही." "हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला डॉक्टरकडे न्या." एकानं लिहिलंय, "असं तोंड घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं." त्याला हजारोंनी दाद दिलीय.

माझ्या डोक्यातून नाही निघालेलं. इथे तरी खरं लिहावं.

तो ताईचा चेहरा आहे.

अकरा वर्षं झाली. सकाळचा चहा माझ्याकडे असायचा. त्या दिवशी मी अंघोळीला रेंगाळले, म्हणून ताईनं काडी ओढली. गॅस गळत होता, कुणालाच कळलं नव्हतं. दवाखान्यात पट्ट्या सोडल्या तेव्हा मी पलंगाशी होते. एकदा बघितलं, "येते गं" म्हणाले आणि जिन्यात जाऊन ओकले. तेव्हापासून घरी गेले की तिच्या हातांकडे बघते, भिंतीकडे बघते, ताटात बघते. दिग्दर्शक म्हणाला, "खरं वाटलं पाहिजे." हात आपोआप चालला. फोटो बघावा लागला नाही.

ताई पहिलीच्या वर्गाची बाई होती. बरी होऊन शाळेत गेली, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं घाबरतात हो." तेव्हापासून घरीच शिवणकाम.

९ मार्च

आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि मग –

"ताई पिक्चरला जाऊन आली. तुझाच. एकटी."

"काय म्हणाली?"

"काही नाही. आली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. तुझ्या कामाचा पत्ता मागितला, मी दिला."

१० मार्च

फोन करायला धीर झाला नाही.

१२ मार्च, रविवार

ताई आली. मी नेहमीसारखी तिच्या चपलांकडे बघत "बस ना" म्हणाले. ती बसली नाही. फळीवर प्लास्टरचा साचा होता, त्यावर ताणलेला तो चेहरा. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

मग म्हणाली, "डावा कान चुकलाय. माझा अर्धा शाबूत आहे. तू सगळाच खाऊन टाकलास. नीट बघितलंच नव्हतंस ना?"

"ताई, माफ कर."

"ते नंतर. तिसरा भाग निघतोय म्हणे. त्यात ती बाई मी होणार."

मला वाटलं कुत्सितपणे म्हणतेय. नव्हती. सांगू लागली – चेहरा आला तेव्हा आजूबाजूचे किंचाळत होते, ही गप्प. मध्यंतरात ओढणी सरकली. शेजारची मुलगी दचकली, मग टाळी वाजवून म्हणाली, "तुम्ही जाहिरातीसाठी आलायत का? कसला भारी मेकअप!" हिच्या गालाला गाल लावून तिनं फोटो काढला.

"अकरा वर्षांत कुणी माझ्या इतकं जवळ आलं नव्हतं गं," ताई म्हणाली. "मुखवटा समजून का होईना."

मी म्हणाले, "लोक काय काय लिहितात, वाचलंयस तरी? तुला बघून हजार माणसं ओरडतील."

"आत्ता फुकट ओरडतात. तिकीट काढून ओरडू देत."

"मला नाही जमणार, ताई."

तेव्हा तिचा आवाज चढला. "माझं तोंड मला न विचारता बाजारात नेलंस. आता मी स्वतः घेऊन जाते म्हटलं, तर तुला लाज वाटते?"

मी फरशीकडे बघत होते. तेव्हाही.

१३ मार्च

चुकलेल्या कानाची जागा कात्रीनं कापून टाकली. उगाच. त्यानं काय होतंय.

२० मार्च

ताईनं ऐकलं नाहीच. शेवटी दिग्दर्शकाला म्हटलं, त्या बाईच्या भूमिकेसाठी एक नवीन नटी आहे. "आणा की. तोंड रंगवूनच आणा, एकदम दिव्याखाली बघू." ताईची अट – बहीण आहे, भाजलेली आहे, काहीच सांगायचं नाही. आईला कळलं तर ती अंथरूण धरेल.

२७ मार्च, सोमवार

माझ्या खुर्चीत ताई. तिच्या तोंडाला मी बोटही लावलं नव्हतं. दिग्दर्शकानं दिवा इकडून धरला, तिकडून धरला, आणि माझ्याकडे वळून नाक मुरडलं. "मॅडम, या खेपेला हात कच्चा पडला. हे अंगावर येत नाही. चारचौघींसारखी दिसतेय बाई. वाढवा जरा."

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "चारचौघींसारखी." आणि हसायला लागली. ती हसते तेव्हा डावा गाल जागचा हलत नाही. मला माहीतच नव्हतं.