तुमची एक सही

प्रिय बाबा,

आज आपल्या धाकट्या शीतलचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. सेतू केंद्रातल्या माणसानं विचारलं, "वडील हयात आहेत का?" मी नाही म्हटलं. "मग मृत्यूचा दाखला लागन." तो दिला, त्यानं चढवला, अर्ज पुढं सरकला. घरी येईपर्यंत इतका संताप आला, की तुम्हाला लिहायलाच बसले. जिवंतपणी मला एक सही दिली नाही, आणि मेल्यावर तुमचा कागद कामाला आला?

बारावीनंतर मला नर्सिंगला नंबर लागला होता. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि त्या अर्जावर तुमची सही. बाकी सगळं मी लिहून ठेवलं होतं. आठ दिवस तो कागद कपाटावर पडून राहिला. आईनं विनवलं, तर तुम्ही म्हणालात, "गावात काय सांगू? माही पोरगी सरकारच्या भिकेवर शिकते म्हनून?"

भीक? ठिबकच्या अनुदानासाठी तुम्ही कृषी कार्यालयात किती खेपा मारल्या, तेव्हा कुठं होता हा ताठा? पिकाला चालतं आणि पोरीला चालत नाही?

मुदत गेली. पूर्ण फी भरणं आपल्याला जमणारच नव्हतं. माझी जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी इथल्याच कॉलेजात बी.ए. केलं आणि आता दुसरबीडच्या मेडिकलवर गोळ्या देते. कुणी सुई टोचता येते का विचारलं, की मान खाली घालते.

तरी हे मी गिळलं होतं. तुमचा स्वभावच तसा, असं स्वतःला समजावलं होतं. पण तुमच्या तेरवीला शेजारची रेखा माझ्याजवळ येऊन रडायला लागली. "ताई, दोन वर्साआधी शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी काकानंच मले सिंदखेडराजाले तहसीलमधे नेलं. दिवसभर लायनीत उभे राह्यले. म्हणे, पोरीचं वर्स वाया नाही गेलं पाह्यजे."

हातातली बुंदीची परात तिथंच ठेवून मी गोठ्यात गेले.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! आपलं काय चुकलं ते कळलं होतं, म्हणून तर दुसऱ्याच्या पोरीसाठी रांगेत उभे राहिलात. मग मला काऊन नाही सांगितलं? रोज मीच तुम्हाला ताट वाढत होते. "पोरी, चुकलो," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

आई म्हणते, "मानूस गेला, आता काय धरून बसली?" तिला काय सांगू? तुम्ही गेलात म्हणून तर धरून बसले. आता भांडू कुणाशी?

बाबा, शीतलला कॉलेजात सोडायला मी जाईन. तिचा एकही कागद कपाटावर पडू देणार नाही. आणि यंदा नर्सिंगचा माझाही अर्ज भरीन. वयात बसते, मी विचारून आले. एवढं वचन देते. तुम्हाला माफ करीन, असं वचन मात्र देत नाही.

तुमची मोठी,
अर्चना