माझा हेल्थ इन्फर्मॅटिक्समधला प्रवेश

६ जानेवारी
नर्सिंग कायमचं संपलं. आता हेल्थ इन्फर्मॅटिक्स. पेशंटची माहिती कागदाऐवजी कॉम्प्युटरवर भरायची, इतकंच. बेडपॅन नाही, हुज्जत घालणारे नातेवाईक नाहीत, वर एसी. ठाण्याच्या एका नव्या हॉस्पिटलला नर्सेसना हे शिकवायला अनुभवी सिस्टर हवी आहे. माझ्याहून अनुभवी कोण? हे म्हणाले, अगं, तुला मोबाइलवरून गॅसचा नंबर लावता येत नाही. दुर्लक्ष केलं. रिटायर झाल्यापासून दूधवालासुद्धा काकू म्हणतो. हे थांबलं पाहिजे.

९ जानेवारी
ऑनलाइन कोर्स लावला. शिकवणारा शब्द गिळतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. एक धडा झाला. उरलेले सोपेच असणार, म्हणून पाहिले नाहीत.

१४ जानेवारी
तिळगूळ घ्यायला आलेल्या सगळ्यांना नोकरीचं सांगून टाकलं. इंटरव्ह्यू व्हायचाय, हे सांगायची गरज वाटली नाही. समोरच्या रखमाबाई म्हणाल्या, म्हणजे टायपिंग का? त्यांना लहानातला लाडू दिला.

२० जानेवारी, दुपारी
ठाण्यात खोपटला एसटीतून उतरून रिक्षा. इंटरव्ह्यूला समोर वर्षाली! माझ्या वॉर्डात नवी होती तेव्हा सलाइन लावायला हिला शीर सापडायची नाही. आता मॅनेजर. पाया पडली, ते ठीक. म्हणाली, सिस्टर, छोटंसं प्रॅक्टिकल आहे. तीन बेड, तीन पेशंट. ताप, नाडी, बीपी मशीनच दाखवत होतं. श्वास तेवढा बघून भरायचा. भरला. चष्मा पर्समध्येच ठेवला होता. चष्म्याने वय दिसतं. मधला पेशंट फार गुणी, गळ्यापर्यंत चादर, हूं की चूं नाही. नोकरी मिळाल्यात जमा.

संध्याकाळी
वर्षालीचा फोन. सिस्टर, तिघांचाही श्वास तुम्ही मिनिटाला वीस लिहिलात. मी म्हटलं, नॉर्मल माणसाचा असतोच तेवढा. म्हणे, मोजलात का? असले प्रश्न! भरलेल्या वॉर्डात एकेकाच्या छातीकडे मिनिटभर बघत कोण उभं राहतं? जन्मभर वीसच लिहिलं, कोणी ब्र काढला नाही. मग हळूच म्हणाली, सिस्टर, मधला प्लास्टिकचा पुतळा होता हो.
याला फसवणूक म्हणतात.

२१ जानेवारी
पुतळ्याला चादर घालणाऱ्यांविरुद्ध कडक इंग्रजीत तक्रार लिहायला घेतली. 'डिअर सर'पाशी थांबले. तिथे वरच्या जागांवर सगळ्या बायकाच आहेत.

२७ जानेवारी
वर्षालीचा फोन! शिकवायची जागा दुसरीला दिली, तरी टीममध्ये मी हवीच म्हणे. हवीच! काम काय, हे न विचारताच हो म्हटलं. विचारणं बरं दिसत नाही. रखमाबाईंना मुद्दाम जिन्यात गाठून सांगितलं.

३ फेब्रुवारी
रुजू झाले. गळ्यात कार्ड, त्यावर माझा फोटो, खाली 'हेल्थ इन्फर्मॅटिक्स'. अक्षरं ठळक आहेत.
काम मधल्या बेडवर. पुतळ्याला नंतर श्वासाची मोटर बसवली, ती बिघडलीय. नव्या मुलींना श्वास मोजून भरायची सवय लावायला जिवंत माणूस हवं. दिवसभर आडवं पडायचं, चादर गळ्यापर्यंत. करिश्मा नावाची पहिलीच मुलगी आली. तिला मी तिची उभं राहायची पद्धत, नखं आणि इंग्रजी यांबद्दल चार गोष्टी सांगायला घेतल्या. तेवढ्यात कॉम्प्युटरवाला सिद्धेश पडद्यामागून म्हणाला, मॅडम, प्लीज बोलू नका. तुम्ही बोललात की श्वास मोजता येत नाही.