उलटा पडलेला सहा

हॉलिनथॉर्प, यॉर्कशर
१४ सप्टेंबर १९६४

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सॉसेजचं पुडकं दोन्ही पोचलं. आधी पुडकं फोडलं, हे कबूल. घरमालकीण मिसेस सग्डेन यांनी वास घेऊन एवढंच विचारलं, की तुमच्या समुद्राकडे मिरी फुकट मिळते की काय. मग त्यांनीच अर्धं संपवलं. बाई मनाच्या चांगल्या आहेत. सकाळी मला उठवायला जिन्याखालून कठडा बडवतात, त्यामुळे शेजारचेही वेळेवर उठतात.

आता खरी बातमी. बाबांना सांगायची नाही.

मला सहा नंबरवरून, म्हणजे धावणाऱ्याच्या जागेवरून काढलं. संघातून नाही, फक्त नंबरावरून. आमचे प्रशिक्षक क्लेग यांनी सरावानंतर थांबवून घेतलं आणि म्हणाले, तुझ्यापेक्षा चपळ असे दोन सहा नंबर माझ्याकडे आहेत, पण तुझ्यासारखी बैलाची मान आणि आखूड पाय एकाकडेही नाहीत, तेव्हा आजपासून तू नऊ. एवढं बोलून चहा प्यायला गेले.

तू जन्मभर रग्बीचे सामने बघत आलीस, पण स्क्रम आतून कसा असतो ते ऐक. मी मधोमध. दोन्ही बाजूंना दोन आडदांड गडी, माझे हात त्यांच्या खांद्यांवर. समोरून तसेच तिघे येऊन डोकी अडकवतात, मागून बाकीचे रेटतात, आणि मधल्या बोळात चेंडू टाकतात. हात बांधलेले, मान दाबलेली, आणि पायाने चेंडू मागे ओढायचा. ओढला तर आपला, नाही तर त्यांचा. सहा नंबरला असताना चेंडू हातात यायच्या आधीच मला फट दिसायची, ताई. इथे फक्त चिखलातले बूट दिसतात.

इथले जुने नऊ नंबर विल्सन हेपवर्थ गुडघ्यामुळे संघातून गेले. पाइप ओढत कुंपणाशी उभे असतात. मला शिकवायला क्लेगनी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ज्याला शिकायचंच नाही त्याला काय शिकवू?

बाबांना मी स्वतः लिहीन, जरा बस्तान बसलं की. तोवर माया चालू ठेव आणि तोंड बंद.

तुझा
आयझॅक


पार्टन
२५ सप्टेंबर १९६४

चि. आयझॅकला,
अ. उ. आ.

मी तोंड बंद ठेवलं, पण वर्तमानपत्राचं तोंड कोण बंद करणार? शनिवारी बाबा चष्मा लावून तुमच्या संघाची यादी वाचत बसले. फिअरन या नावापुढे नऊ. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. त्यांनी यादी पुन्हा वाचली. मग म्हणाले, छापखान्यात गाढवं बसवली की असंच होणार, सहाचा खिळा उलटा बसवला की झाला नऊ. आणि टोपी घालून, बॅनर कुत्र्याला साखळी लावून बाहेर पडले. आता गुत्त्यापासून चर्चपर्यंत सगळ्या पार्टनला त्यांनी तो उलटा खिळा समजावून सांगितला आहे. एकट्या फिअरनच्याच नावापुढे खिळा उलटा कसा बसला, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

तुला हसू येईल, मलाही आलं. पण रात्रीचं ताट वाढताना वाईट वाटलं. बंदरावरच्या टीमचे ते सहा नंबर होते, हे तुला मला नवं नाही. तू बूट घातलेस त्या दिवसापासून ते त्याच जागेवर तुला बघत आलेत. तेव्हा लवकर लिही. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

बाकी सगळं ठीक. बॅनर कुत्र्यांच्या गेल्या शर्यतीत वासाचा माग सोडून एका म्हातारीच्या परसात शिरला आणि तिचं लोणी खाऊन आला. जॉर्ज टिनियन त्याच्या भाजीच्या गाडीतून मला शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत सोडतो. एवढंच, पुढचं काही विचारू नकोस.

कान सांभाळ. तुझी आठवण रोज निघते, हे पत्रात एकदाच लिहिते.

तुझी ताई
हिल्डा


हॉलिनथॉर्प
१२ ऑक्टोबर १९६४

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना लिहायला तीनदा बसलो, तीनदा उठलो.

शनिवारी आम्ही हरलो, आणि माझ्यामुळे हरलो. त्यांचा नऊ नंबर म्हणजे टक्कल पडलेला, कवळी काढून मैदानात उतरलेला माणूस. दर वेळी माझ्या नाकासमोरून चेंडू ओढून न्यायचा आणि वर मला बाळ म्हणून आभार मानायचा. मग मी घाई केली. चेंडू बोळात यायच्या आधीच माझा पाय पुढे. पंचांनी शिट्टी मारली, समज दिली. शेवटी शेवटी आमच्याच गोलखांबांसमोर तीच चूक पुन्हा झाली. समोरच्यांनी लाथ मारून चेंडू खांबांतून घातला आणि तेवढ्याच गुणांनी सामना नेला.

नंतर सगळे एका मोठ्या हौदात आंघोळीला उतरतात. माझे ते दोन आडदांड शेजारी माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. साबणसुद्धा माझ्या डोक्यावरून एकमेकांकडे फेकला. संध्याकाळी तळलेले मासे आणायला गेलो, तर दुकानातली बाई पुडी बांधता बांधता म्हणाली, माझ्या आजीला संधिवात आहे, पण तिने तुझ्यापेक्षा जास्त चेंडू काढले असते. रांग खदाखदा हसली. मीही हसलो, आणि बाहेर येऊन पुडी एका कुत्र्याला दिली.

मला वाटतं मी परत यावं. खाणीत अजून माणसं घेतात का, हे जॉर्जच्या मामांना विचारशील? निदान तिथे अंधार असतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. इथे उघड्या आकाशाखाली खेळायला आलो आणि आकाश काही दिसत नाही.

स्क्रममध्ये घासून कान सुजून फ्लॉवरसारखा झालाय. काळजी करू नकोस, आणि रागावू तर नकोसच.

तुझा
आयझॅक


पार्टन
१९ ऑक्टोबर १९६४

चि. आयझॅकला,
अ. उ. आ.

रागावले आहे. जॉर्जच्या मामांना विचारणार नाही. तुला परत यायचं असेल तर दार उघडं आहे, पण इथे यावंसं वाटलं म्हणून ये. दोन माणसं हौदात गप्प बसली म्हणून येऊ नकोस.

एक विचारू? त्या दोघांच्या खांद्यांवर तू महिनाभर लोंबकळतो आहेस. मिसेस सग्डेन काय खातात ते मला ठाऊक आहे, मासेवालीच्या आजीचा संधिवातसुद्धा आता ठाऊक झाला. त्या दोघांची नावं तू मला एकदाही कळवली नाहीस. तुला तरी माहीत आहेत का रे?

बाबांना मी खरं सांगून टाकलं. तुझी वाट बघत बसले असते तर बॅनरला नातवंडं झाली असती. बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, फिअरन धावायला जन्मतात, ढिगाच्या तळाशी दबायला नाही. माझाही पारा चढला. मी विचारलं, तुम्ही धावायचात तो चेंडू तुम्हाला कोण द्यायचं? आकाशातून पडायचा? ते उठले आणि टोपी घेऊन गेले. बॅनरलाही घरीच विसरले, तेव्हा समज.

दुसऱ्या दिवशी जॉर्जने मला सांगितलं, की बाबांनी त्याची गाडी थांबवली आणि टॉट मेसेंजरकडे सोड म्हणाले. टॉट म्हणजे बाबांच्या वेळचा नऊ नंबर. खाणीच्या धुळीने त्याची छाती गेली आहे, बाहेर फारसा पडत नाही. बाबा किती वर्षांत त्याच्या घरी गेले नव्हते. काय बोलले ते मला कळलं नाही, विचारलंही नाही. आले ते जेवायला बसले आणि बटाटे-मटणाचं भांडं रिकामं केलं.

मी रागावले तरी तुझी ताईच आहे. पुढच्या पत्रात दोन नावं असू देत.

हिल्डा


हॉलिनथॉर्प
१६ नोव्हेंबर १९६४

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

नॉर्मन लम आणि सिरिल ओट्स. झालं समाधान?

तुझं पत्र वाचून आधी फाडावंसं वाटलं. मग रविवारी नॉर्मनच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्याची बायको डोरीन म्हणाली, आत ये, दार उघडं ठेवून माझी भट्टी गार करू नकोस. मला जेवायलाच बसवलं. जेवण झाल्यावर नॉर्मन उठला. मग हात पुसत म्हणाला, तू दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा लोंबतोस. तू कधी पाय मारणार ते आम्हाला कळत नाही, आम्ही कधी रेटणार ते तू विचारत नाहीस. विल्सन खोकला तरी आम्हाला अर्थ कळायचा. मी म्हटलं, मग मला सांगा. तो म्हणाला, विचारायला फार दिवस लावलेस पोरा.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही तिघे त्याच्या परसात, कोळशाच्या खोलीच्या भिंतीला डोकी लावून उभे असतो आणि डोरीन चेंडू आत टाकते. टाकताना फसवते, पंचांपेक्षा लबाड आहे. शेजारी खुर्च्या घेऊन बघायला बसतात. मी सिरिलची बगल दाबली की तो खांदा खाली घेतो, नॉर्मन मला उचलून धरतो, आणि माझा पाय मोकळा होतो. एवढं साधं होतं!

एक दिवस विल्सन लंगडत आले. बराच वेळ बघितलं, मग काठी टाकून माझी पकड हाताने सुधारली. मला वाटायचं, मी त्यांची जागा घेतली म्हणून त्यांना राग आहे. तसं त्यांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, जागा कुणीतरी घेणारच होतं. पण मी आयुष्य जिथे घालवलं तिथे तू शिक्षा भोगायला उभं केल्यासारखा उभा राहायचास, त्याचा राग होता.

गेले दोन सामने चेंडू येतो आहे. नेहमी नाही, पण येतो. मोकळं धावणं आठवतं, खोटं कशाला सांगू. आमचा सहा नंबर सुटला की अजून मान तिकडे वळते.

५ डिसेंबरला आमचा सामना तुमच्याकडे, बंदरावरच्या टीमशी. बाबांना मी दोन ओळी टाकल्या आहेत. या असं लिहिलं नाही. आपण होऊन आले तर बरं वाटेल.

डोरीनने तुला नमस्कार सांगितला आहे. माझाही जोडून घे.

तुझा
आयझॅक


पार्टन
७ डिसेंबर १९६४

चि. आयझॅक,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. हिल्डा समोर बसली आहे, उठू देत नाही.

शनिवारी आलो होतो. गुडघा दुखतो म्हणून येणार नाही असं मी हिल्डाला सांगितलं होतं. तो दुखतच होता. टॉटलाही आणलं, जॉर्जच्या गाडीत, गोणपाटांवर बसवून. भाजीवाला बरा माणूस आहे.

तुम्ही हरलात. मी जन्मभर आपल्या टीमसाठी ओरडलो, परवा कुणासाठी ओरडावं ते कळेना, म्हणून गप्प उभा होतो. टॉट मात्र गप्प नव्हता. तो फक्त स्क्रममधल्या टाचांकडे बघत होता. चेंडू बाहेर यायच्या आधीच म्हणायचा, जॉन्टी, पोराने काढला. आणि यायचा. आमच्यापुढचा एक जण ओरडला, त्या नवव्याला कुणीतरी आवरा रे, सगळे चेंडू चोरतोय. मी म्हटलं, तो चोर माझा आहे. त्याने वळून पाहिलं, आणि त्याच्या बाटलीतला चहा मला दिला.

तुमचा सहा नंबर उत्तरार्धात एकदा असा सुटला, की सगळं मैदान तिकडे बघत होतं. पोरगा चांगला आहे. मी तिकडे पाहिलं नाही. तो चेंडू तू काढला होतास, आणि स्क्रम तुझ्यावर कोसळला होता. तू कधी उठतोस ते मी बघत होतो. सगळ्यांत शेवटी उठलास. चिखलाने तोंड ओळखू येत नव्हतं. उठलास, आणि त्या पोराच्या मागे धावलास.

नंतर तुमच्या बसपाशी आलो. तू आत त्या दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये बसला होतास, हसत होतास. हाक मारली नाही. हसू दे म्हटलं.

शेवटी काहीतरी मायेचं लिहायचं असतं म्हणे. कानाला गरम मिठाचा शेक दे. टॉट म्हणतो, दोन्ही वेळ.

तुझा बाप
जॉन्टी फिअरन