कॅसेटच्या कव्हरवरची नावं

दादा,

आईला दुपारचं औषध दिलंय, संध्याकाळचं तू दे. आपल्या रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट कुरियरने आली. आता कोणाकडे टेप नाही, तरी हौसेने काढलेली. बाराही गाण्यांत ड्रम मी वाजवलेत आणि कव्हरवर माझंच नाव नाही. फोटोतूनही मला कापलंय, तुझ्या खांद्यावरचा हात तेवढा राहिलाय. कॅसेट कंपनीत फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "नावं तुमच्या भावानेच लिहून दिली."

दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर तक्रार घेऊन तुझ्याकडेच आलो असतो.

मी ताईकडे राहायला चाललोय. शनिवारच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमर बघ.

आईला यातलं काही बोललो नाही. तिला बारीक अक्षर दिसत नाही. कव्हर वाचून दाखवशील, तेव्हा माझंही नाव घे.