डाव्या हाताचा खुलासा

उदगीर, सोमवार

चन्नबसप्पा गुरुजी यांना, उदगीरहून तुमच्या माणिकप्पा दाजींचा शरणू शरणार्थी.

तुमची तब्येत, तुमच्या गुडघ्याची तब्येत आन नायगावचं हवापाणी ठीक असेल असं धरून चालतो. इकडची खबर चांगली न्हाई. म्हणजे घर हाय तसं हाय, मोंढ्यातला धान्यबाजारही चालू हाय, एवढंच की मी मोडलोय. (पुतण्या अमरनाथनं तुम्हाला फोन केला असेल, पण तो सगळं "काका मस्त हायेत" एवढ्यात उरकतो. त्याचं ऐकू नका.) पत्र का लिहिलं म्हणाल, तर ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी न्हाई. आमच्याकडं कोणी फोनवर हळू बोलायला लागलं की बाकीचे टीव्ही बारीक करतात.

तुमची अक्का रुसून माहेरी तुमच्याकडं का आली, हे तिनं तिच्या बाजूनं सांगितलंच असेल. माझी बाजू एवढीच की भाकरी जाड झाली होती. जाड भाकरीला जाड म्हणण्यात मला अजून गुन्हा दिसत न्हाई. ती म्हणाली, मग स्वतः करून खा. मी म्हणालो, तुझ्यावाचून माझं काही अडत न्हाई. (हे वाक्य घरोघरी बोललं जातं. तुम्हीही बोलला असाल, खरं सांगा.) पण ती तेवढंच धरून बसली, पिशवी भरली आन नायगावची गाडी धरली. आता काही अडत न्हाई हे दाखवायचं म्हणून दळण आणायला मीच निघालो. येताना पिठाचा डबा स्कूटरवर पायापाशी ठेवला होता. चौकात कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं. मी डाव्या खांद्यावर पडलो आन डबा माझ्यावर पडला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालो. दोन बायकांनी लांबूनच हात जोडले, त्यांना वाटलं कोणी महाराज अंगभर विभूती फासून रस्त्यात लोळून राहिलेत. त्यामुळं मला उचलायला बराच वेळ कोणी आलं न्हाई.

गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं. अमरनाथनं लातूरला नेलं, तिथं प्लेट बसवायची ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या आन म्हणाल्या, काका, भूल तर देऊच, पण मानेत एक सुई देऊन खांद्याच्या नसा पण बधिर करते, म्हणजे ऑपरेशननंतर बराच वेळ दुखणार न्हाई. त्या नसा सोनोग्राफीच्या मशीनवर बघतात. (सोनोग्राफी पोटुशा बायकांची असते एवढंच मला मालूम होतं. मी इकडंतिकडं बघून घेतलं.) हात जड होईल, डावी पापणी उतरेल, आवाज बसेल, आन हे सगळं आपोआप परत येईल, असं त्यांनी नीट समजावलं. एक गोष्ट मात्र बजावली, की बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी घ्यायची, दुखायची वाट बघत बसायचं न्हाई. मी हो म्हणालो. माझं सगळं ध्यान गळ्यातल्या इष्टलिंगाकडं होतं, कारण गळा मोकळा करा म्हणून सिस्टर मागं लागली होती. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं केलेलं न्हाई, तुम्हाला सांगायला नको. शेवटी लिंगाची चांदीची डबी अमरनाथकडं दिली आन डॉक्टरीणबाईंनी लिंग फडक्यात गुंडाळून उजव्या दंडाला बांधू दिलं. बाई भल्या होत्या.

ऑपरेशन झालं आन खरोखर काही दुखेना. खांदा दुसऱ्याच कोणाचा असावा तसा वाटत होता. इथंच माझं नशीब फिरलं. मोंढ्यातली चार मंडळी नारळपाणी घेऊन भेटायला आली, तर मी पलंगाला टेकून सोयाबीनचा भाव विचारतोय. एवढ्या लांबून बिमार माणूस बघायला आलेली माणसं, त्यांची थोडी निराशाच झाली. सिस्टरनं गोळी आणली, ती मी परत पाठवली. दुखतच न्हाई तर गोळी कशाला. (व्यापाऱ्याची सवय, गरज नसताना माल घ्यायचा न्हाई.) तेवढ्यात दारात तुमची अक्का.

गुरुजी, मला लई बरं वाटलं. पण चार माणसांत बरं वाटल्याचं दाखवायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवलं न्हाई. तिनं विचारलं, लई दुखतंय का. मी म्हणालो, छे, काहीच जाणवत न्हाई. हे शंभर टक्के खरं होतं. वर डावी पापणी अर्धी मिटलेली, म्हणजे मी डोळा मारून चेष्टा करतोय असं तिला वाटलं असेल, आन बसलेल्या आवाजामुळं रागात बोलतोय असंही वाटलं असेल. ती डाव्या बाजूच्या स्टुलावर बसली. मला मान तिकडं वळवता येत न्हवती आन मंडळी उजवीकडं होती, म्हणून मी उजवीकडंच बघत भावाचं बोलत राहिलो. थोड्या वेळानं ती उठली, धपाट्यांचा डबा उशाशी ठेवला आन नायगावची शेवटची गाडी चुकेल म्हणाली. मी म्हणालो, हाव, नीट जा. हातातली पिशवी तिनं जशी आणली तशीच नेली.

संध्याकाळी पूजेला बसलो. डावा हात झोळीत, तळवा वर, म्हणजे पूजेला सोयीचाच. अमरनाथकडून दंडाचं फडकं सोडवून घेतलं, उजव्या हातानं लिंग त्या तळव्यावर ठेवलं, तर ठेवलं की न्हाई तेच कळेना. डोळे मिटले की तळवा रिकामा वाटायचा, उघडले की लिंग दिसायचं. अशी पूजा कधी झाली न्हाई, मन लई उदास झालं. शेजारच्या पलंगावर किशन नावाचा मांडी मोडलेला माणूस होता, त्याची बायको रुक्मिणबाई हे सगळं बघून राहिली होती. ती म्हणाली, अप्पा, तो हात मेल्यावाणी झालाय काय? मी म्हणालो, बधिर केलाय.  ती म्हणाली, अरे द्येवा, मग तुमच्या मालकिणीला ते ठावं न्हवतं. आल्यापासून तुमचा हात शालीखाली धरून बसली होती. तुम्ही बोटसुद्धा हलवलं न्हाई, म्हणून सोडला तिनं.

गुरुजी, तुमची अक्का मला चांगली ठाऊक हाय. आमच्या लग्नात सुद्धा हातावर हात ठेवायला तिला तीनदा सांगावं लागलं होतं. चार लोकांत तिनं आपणहून माझा हात धरला, तो सगळ्या जिंदगीत याच एका दुपारी, आन दुपारही अशी निवडली. पिशवीत तिची रोजची लुगडी होती, राहायच्या तयारीनं आली होती, असं पण रुक्मिणबाईनं सांगितलं. (एवढ्या वेळात मला सोयाबीनचा भाव तेवढा कळला.)

पहाटे बधिरपणा उतरला. गोळी तर मी परत पाठवलेली. डॉक्टरीणबाई का बजावत होत्या ते तेव्हा समजलं. मी रडलो, लाज वाटायला नको. सिस्टर धावत आली, इंजेक्शन दिलं आन थोड्या वेळानं म्हणाली, आता कमी वाटतंय ना. खांद्याचं कमी वाटत होतं, म्हणून हो म्हणालो. तेव्हापासून खांदा लई दुखतो, झोप न्हाई, भाकरी गोड लागत न्हाई, आन घरात बसून मी बेजार होऊन राहिलोय. अक्काला दोनदा फोन लावला. ती "बरंय ना? बरं" म्हणून ठेवते.

गुडघ्याला जपा, लेकरांना आशीर्वाद सांगा.

तुमचे,
माणिकप्पा दाजी

ता. क. पत्र नुसतं खुशालीचं हाय. तरी अक्का जवळपास असेल तर जरा मोठ्यानं वाचा, विशेष करून नसा बधिर केल्या तिथपासून. तिला खोटं वाटलं तर डॉक्टरीणबाईंचा कागद हाय, अमरनाथ त्याचा फोटो पाठवेल. हे मी सांगितलंय असं सांगू नका.

आणखी ता. क. खांदा लई दुखतो असं वर लिहिलं, ते मागल्या आठवड्याचं. आता दुखत न्हाई. घरचंही काही अडलेलं न्हाई, अमरनाथची बायको भाकरी करते, लई पातळ करते. तरी पण अक्काला पाठवून द्या. आन आली की डाव्या बाजूला बसायला सांगा.