कार्डांची मागची बाजू

मी, ललिता ज्ञानदेव शेवकरी, वय ७४, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण नुसत्या शब्दावर या शहरात कोणी विश्वास ठेवत नाही.

१. राहता फ्लॅट मुलगा रणजित यास. तो त्याने माझ्या हयातीतच दलालाला दाखवून ठेवला आहे. अधिक तपशिलाची गरज नाही.

२. माझे यजमान कै. ज्ञानदेव संग्रहालयात वस्तूंची सूची करत. एका वस्तूला गावोगाव वेगळे नाव. कोणत्याही नावाने शोधली तरी ती सापडावी, म्हणून त्यांनी आयुष्यभर कार्डे लिहिली. पुढच्या बाजूला कार्यालयीन वर्णन. मागे लोकांच्या तोंडचे शब्द आणि सांगणाऱ्याचे नाव. ते गेल्यावर संग्रहालयाने सूची संगणकावर चढवली, फक्त पुढची बाजू. यजमानांचे नावही गाळले. मी विचारायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "आजी, मागे कोण बघतं?" कार्डे रद्दीत काढली होती. मी ती रीतसर पावती घेऊन रिक्षाने घरी आणली.

३. माझे माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचे. वडिलांचे गुऱ्हाळ होते. तिथली गुळाची काहील संग्रहालयाच्या संकेतस्थळावर 'स्नानपात्र' म्हणून आहे. कार्डावर पुढे 'मोठे लोखंडी पात्र' एवढेच आहे; 'काहील' हा मी सांगितलेला शब्द मागे आहे. आंघोळ साहेबांनी घातली. इतर संग्रहालयांनीही तीच सूची उचलली, त्यामुळे आता सगळीकडे आंघोळ सुरू आहे.

४. दिवाणखान्यातले सागवानी कपाट रणजितला हवे आहे, आतली कार्डे नकोत. म्हणून कपाट कार्डांसकट शेजारच्या तेजस्विनीला. ती जुन्या शब्दांचे संकेतस्थळ चालवते, सर्वांना मोफत. तिने दोन्ही बाजू चढवाव्यात व यजमानांचे नाव द्यावे. संग्रहालय आता कार्डे परत मागत आहे. त्यांनीही तिथूनच घ्यावीत, चारचौघांसारखी.

५. यजमानांनी कार्डांमागे तांबटाचे नाव लिहिले, बोहारणीचेही लिहिले. मी सांगितलेल्या शब्दांपुढे मात्र 'घरातून'. मी एकदा म्हटले, "अहो, मला नाव आहे." ते हसले. "अगं, घरच्या माणसाचं काय लिहायचं?"

त्यांच्या नावासाठी मी संग्रहालयाच्या पायऱ्या झिजवल्या. 'घरातून' खोडू नये; अक्षर त्यांचे आहे, आणि माझ्याजवळ त्यांचे तेवढेच उरले आहे. पण काहिलीच्या कार्डावर त्याखाली माझे नाव लिहावे. शब्द माहेरचा आहे, तेव्हा नावही माहेरचे: ललिता दत्तोबा घुले.

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५
सही: ललिता ज्ञानदेव शेवकरी

ललिताबाईंनी हे आम्हाला वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: १. डॉ. तनुजा केळुसकर २. जयसिंग मोहोळ