ब्रेक तपासणारा भाचा

चेन्नई, रविवार दुपार

तीर्थस्वरूप राणोजीमामांना साष्टांग नमस्कार.

तुमची शुगर आणि मामींचे गुडघे ताब्यात असतील अशी आशा करतो. मी धडधाकट आहे (पोलिसांच्या कागदावरही तसंच लिहिलंय: चालकास इजा नाही). महिनाभर तुमचा फोन उचलला नाही, त्याचं कारण कळवतो.

गेल्या महिन्यात मी कोवलमहून समुद्राकाठच्या रस्त्याने गाडी घेऊन परतत होतो. एका सरकारी बसने मला मागे टाकलं. बसच्या मागच्या काचेतून एक प्रवासी माझ्याकडे बघून जांभई देत होता आणि ती जांभई मला माझा अपमान वाटली (बिचाऱ्याला झोप आली असणार). हॉर्नवरचा हात न काढता मी एकशे दहाच्या वेगाने डावीकडून घुसलो. बस थांब्यासाठी हळू झाली होती, हे डोक्यातच आलं नाही. ती पकडायला एक वयस्क गृहस्थ दोन पावलं पुढे आले होते. मामा, मी कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासतो. माझ्या गाडीचे ब्रेक उत्तम लागले, फक्त मी ते उशिरा दाबले. गृहस्थ रस्त्यावर पडून "आई गं, आई" म्हणून कण्हत होते. तीन वर्षं या शहरात रस्त्यावर मराठी कानी पडलं नव्हतं. पडलं ते असं.

ते बालाजीराव. घराणं तंजावरकडचं, राहायला इथेच चेन्नईत, तिरुवल्लिकेणी भागात, निवृत्त शिक्षक. कोर्टाने मला जामीन देताना अट घातली, की महिनाभर सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात रोज चार तास राबायचं. तिथे मी स्ट्रेचर ढकलतो. धनलक्ष्मी नावाच्या नर्सबाई मागून "मेदुवा, मेदुवा" म्हणून ओरडतात. म्हणजे हळू. तीन वर्षांत मी शिकलेला हा पहिला तमिळ शब्द. (स्ट्रेचरही मी पुढच्या स्ट्रेचरला मागे टाकायच्या बेताने ढकलतो, असं त्यांचं म्हणणं आहे. खोटं नाही.)

बालाजीराव त्याच वॉर्डात आहेत. दोन दिवस मी त्यांच्या खाटेकडे पाठ करून फिरलो. तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन म्हणालो, "तुम्हाला धडक देणारा मीच."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पडताना तुमचं तोंड पाहिलं. जरा पाणी द्या."

तेव्हापासून त्यांना पाणी मीच पाजतो. अन्नपूर्णाबाई, त्यांच्या पत्नी, रोज दहीभात आणतात. माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत, पण डबा दोघांपुरता असतो. बालाजीराव आता बरे होत आहेत. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
मकरंद

ता. क. आईला मी ट्रेनिंगला आहे असं सांगितलंय. खरं काय ते तुम्ही समोर बसून सांगा. फोनवर माझ्याच्याने होत नाही.

ता. क. तुमच्या संजीवच्या मोटारसायकलसाठी तुम्ही आमच्या कंपनीची सवलत मागितली होती. मी अर्ज केलेला नाही, करणारही नाही. खुशाल रागवा.

ता. क. बालाजीराव बरे होत आहेत, हे मी खोटं लिहिलं. परवा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. ऑपरेशनला त्यांचं स्ट्रेचर मीच नेलं. हे पत्र संजीवला वाचून दाखवा, आणि हा भाग गाळू नका.